नऊ गेम हरून मिळालेलं सुवर्ण

३० सप्टेंबर २०२३, शनिवार. चीनमधल्या हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या टेनिसच्या मिश्र दुहेरीचा अंतिम सामना होता. आपल्या बाजूने रोहन बोपण्णा आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले; समोर चिनी तैपेईची लियांग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ ही जोडी. निकाल लागला २-६, ६-३, १०-४. सुवर्णपदक भारताला मिळालं.

हा निकाल कागदावर मांडून बघा. पहिल्या दोन सेटमध्ये आपल्या जोडीने जिंकलेले गेम दोन अधिक सहा, म्हणजे आठ. तैपेईच्या जोडीने जिंकलेले सहा अधिक तीन, म्हणजे नऊ. शेवटचा १०-४ हा गेमचा नव्हे, टायब्रेकचा आकडा आहे; तो बाजूला ठेवला तर पूर्ण खेळलेल्या गेममध्ये आपण एकाने मागे होतो, आणि तरीही गळ्यात सोन्याचं पदक पडलं.

पितृपक्ष नुकताच लागला होता. नागपुरातल्या गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानांत अशा दिवसांत किरकोळ गिऱ्हाईक रोडावतं, आणि गादीवर बसलेल्या माणसाला मोबाइलवर खेळ बघायला उसंत मिळते. माझ्या ओळखीच्या एका ठोक व्यापाऱ्याला मी ही आठ-नऊची बेरीज दाखवली, तर तो म्हणाला, "ज्याचे जास्त तोच हारला? हा कोनता हिसाब आहे भाऊ?" ज्याचं सगळं आयुष्य बेरीज-वजाबाकीत गेलं आहे त्याने हा प्रश्न विचारणं अगदी रास्त आहे. टेनिसचे पंधरा-तीस-चाळीस आकडे पाहून बिचकणाऱ्या लोकांना मला नेहमी सांगावंसं वाटतं की त्या आकड्यांत काही अवघड नाही. खरी समजून घ्यायची गोष्ट या व्यापाऱ्याच्या प्रश्नात आहे: टेनिसमध्ये बेरीज शेवटपर्यंत जात नाही.

त्याच्याच धंद्यातलं उदाहरण त्याला दिलं, ते इथेही देतो. समजा दोन दुकानदारांत पैज लागली की आज कोण जास्त माल विकतो. पण अट अशी, की फक्त पुऱ्या बांधलेल्या गाठी मोजायच्या. सुटे ताके कितीही विकले तरी गाठ पुरी झाली नाही तर ते हिशोबात नाहीत. आणि समोरच्याची गाठ आधी पुरी झाली की तुमचे सुटे ताकेही रद्द, दोघांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. अशा पैजेत जास्त कापड विकणारा खुशाल हरू शकतो. टेनिसमध्ये पॉइंट हे ताके, गेम ही गाठ. आणि पुढे गेमचा सेट, सेटचा सामना, अशी प्रत्येक पायरीवर हीच अट पुन्हा लागू होते.

आता पायऱ्या. एक गेम जिंकायला किमान चार पॉइंट लागतात आणि समोरच्यापेक्षा दोनाने पुढे असावं लागतं. शून्याला 'लव्ह' म्हणतात. पहिला पॉइंट मिळाला की पंधरा, दुसरा तीस, तिसरा चाळीस, आणि चौथ्याला गेम. पंधरा ऐवजी 'एक', तीस ऐवजी 'दोन', चाळीस ऐवजी 'तीन' म्हणून बघा, खेळात काडीचाही फरक पडत नाही. पंच आकडे सांगतो ते नेहमी सर्व्हिस करणाऱ्याचा आधी, मग दुसऱ्याचा. म्हणून 'थर्टी-फॉर्टी' ऐकू आलं की समजावं, सर्व्हिस करणारा अडचणीत आहे, पुढचा पॉइंट गेला तर त्याचा गेम जाईल. हाच तो ब्रेक पॉइंट.

दोघंही चाळीसवर आले की 'ड्यूस'. इथून लागोपाठ दोन पॉइंट घ्यावे लागतात. पहिला घेतला की 'ॲडव्हान्टेज', दुसराही घेतला की गेम. दुसरा हुकला की परत ड्यूस. हे कितीही वेळा होऊ शकतं. बारकाईने पाहिलं तर तीस-तीस आणि ड्यूस या दोन्ही अवस्था गणिताने अगदी सारख्या आहेत: दोन्हीकडून गेम जिंकायला विरोधकापेक्षा दोन पॉइंट पुढे जावं लागतं, ना कमी ना जास्त. तीस-तीसला प्रेक्षक निवांत असतात आणि ड्यूसला खुर्चीच्या कडेवर येतात, हा फक्त नावाचा परिणाम आहे. मुरलेला खेळाडू तीस-तीसलाच सावध झालेला असतो.

सहा गेम आधी जिंकणाऱ्याचा सेट, पण इथेही दोनाचा फरक हवा. ६-४ चालतं, ६-५ चालत नाही. मग ७-५ तरी व्हायला हवं. ६-६ झालं की टायब्रेक. त्यात मात्र आकडे साधे एक-दोन-तीन असे, सात पॉइंट आणि दोनाचा फरक. पहिला खेळाडू एक सर्व्हिस करतो, नंतर दोन-दोन सर्व्हिस आळीपाळीने, आणि दर सहा पॉइंटनंतर बाजू बदलायची. हा टायब्रेक जिंकला की सेट ७-६ असा लिहिला जातो आणि शेजारी कंसात एक छोटा आकडा असतो. तो हरणाऱ्याच्या टायब्रेकमधल्या पॉइंटचा आकडा. कंसात ५ असेल तर टायब्रेक ७-५ ने सुटला, कंसात ७ असेल तर ९-७ ने. वर्तमानपत्रातला निकाल वाचताना नवख्या माणसाची सगळ्यात जास्त गल्लत या कंसात होते, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बहुतेक स्पर्धांमध्ये तीनपैकी दोन सेट जिंकणाऱ्याचा सामना. पुरुषांच्या एकेरीत चार मोठ्या स्पर्धांत पाचपैकी तीन. दुहेरीत आता बऱ्याच ठिकाणी तिसरा सेट पूर्ण खेळवतच नाहीत, त्याच्या जागी दहा पॉइंटचा मोठा टायब्रेक असतो. हांगझोऊच्या निकालातला १०-४ हा तोच.

हे पंधरा-तीस आले कुठून? त्याला चार-पाचशे वर्षांहून जास्त काळ झाला आहे. फ्रान्समध्ये भिंतींच्या आत, आधी तळहाताने आणि नंतर रॅकेटने खेळला जाणारा चेंडूचा खेळ होता, त्याची ही मोजणी. १५५५ साली अंतोनियो स्काइनो या इटालियन लेखकाने चेंडूच्या खेळांवर एक अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात पंधरा, तीस आणि पंचेचाळीस या मोजणीची चर्चा आहे. म्हणजे तिसरा आकडा मुळात पंचेचाळीस होता, बोलता बोलता तो चाळीस झाला. घड्याळाच्या तबकडीवर काटा पाव-पाव सरकवून गुण मोजत असत, म्हणून हे आकडे आले, अशी गोष्ट फार लोकप्रिय आहे. ऐकायला ती छान वाटते, पण ही मोजणी रूढ झाली त्या काळातल्या घड्याळांना सहसा मिनिटकाटाच नसे, त्यामुळे मला ती पटत नाही.

आजचं हिरवळीवरचं टेनिस मात्र या मोजणीने सुरू झालं नाही. मेजर वॉल्टर विंगफील्डने १८७४ साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हा पंधरा पॉइंटची सरळ मोजणी होती आणि सर्व्हिस करणाऱ्यालाच पॉइंट मिळत असे. १८७७ साली विम्बल्डनची पहिली स्पर्धा भरवताना हेन्री जोन्स, ज्युलियन मार्शल आणि सी. जी. हीथकोट या तिघांच्या समितीने नियम नव्याने लिहिले आणि ती सरळ मोजणी टाकून जुनी पंधरा-तीसची पद्धत घेतली. हे वर्ष नागपूरकरांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, गांधीबागेपासून जवळच, शुक्रवारी तलावाच्या अंगाला. त्याच वर्षीच्या जुलैत विम्बल्डनला बावीस पुरुष उतरले आणि स्पेन्सर गोर ६-१, ६-२, ६-४ असा पहिला विजेता ठरला. जोन्स स्वभावाने हिशोबी माणूस. त्याने त्या स्पर्धेतले गेम मोजले: ६०१ पैकी ३७६ सर्व्हिस करणाऱ्यांनी जिंकले होते. सर्व्हिसचा हा वरचष्मा पाहून पुढे सर्व्हिसची रेषा जाळ्याच्या जवळ आणली गेली. मोजणीची पद्धत मात्र तशीच राहिली, आणि आज दीडशे वर्षं होत आली तरी गेमच्या आतली चौकट तीच आहे.

जोन्सने पाहिलेला सर्व्हिसचा वरचष्मा हा सेटचा कणा आहे. सर्व्हिस गेमागणिक आळीपाळीने मिळते. दोघंही आपापल्या सर्व्हिसचे गेम राखत गेले तर सेट ३-३, ४-४, ५-५ असा समांतर चालतो. कुणीतरी एकदा दुसऱ्याची सर्व्हिस तोडली की सेट तिकडे झुकतो. म्हणून ४-३ हा आकडा एकटा काही सांगत नाही. पुढची सर्व्हिस मागे असलेल्याची असेल तर सगळं बरोबरीत आहे. पुढे असलेल्याचीच असेल तर त्याने ब्रेक मिळवला आहे आणि तो सेटच्या दारात उभा आहे. टेनिस पाहताना आकड्याबरोबर 'सर्व्हिस कुणाची?' हे विचारायची सवय लागली की अर्धा खेळ समजला.

आता व्यापाऱ्याच्या प्रश्नाकडे परत. जास्त पॉइंट घेऊन हरणं नामांकित सामन्यांतही घडलं आहे. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात रॉजर फेडररने २१८ पॉइंट मिळवले, नोव्हाक जोकोविचने २०४. फेडररने ३६ गेम जिंकले, जोकोविचने ३२. आणि चषक जोकोविचने उचलला: ७-६(५), १-६, ७-६(४), ४-६, १३-१२(३). नीट पाहा, जोकोविचने जिंकलेले तिन्ही सेट टायब्रेकचे आहेत, म्हणजे एका गेमच्या फरकाने. आणि फेडररने जिंकलेले दोन सेट त्याहून मोठ्या फरकाचे. ६-१ ने जिंकलेल्या सेटमधली पाच गेमची श्रीमंती फेडररला पुढच्या सेटमध्ये नेता आली नाही. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ असताना त्याच्या हातात सामना जिंकायचे दोन पॉइंट होते, सर्व्हिसही त्याचीच होती. त्यातला एकही मिळाला नाही. ते दोन पॉइंट आणि बाकीचे चारशेवीस यांचं वजन सारखं नव्हतं, आणि ही असमानता मोजणीनेच तयार केलेली आहे.

यात अन्याय आहे का? मला वाटतं, नाही. बेरजेच्या खेळात मोठी आघाडी घेतलेला संघ उरलेला वेळ काढतो. कबड्डीत वीस गुणांनी पुढे असलेल्या संघाचा चढाईपटू शेवटच्या मिनिटांत कुणाला न भिडता चढाईचा वेळ काढून परत येतो. नियमात ते बसतं, पण खेळ तिथेच संपलेला असतो. टेनिसमध्ये वेळ काढून जिंकता येत नाही. ६-०, ५-० आणि ४०-० असं पुढे असलात तरी शेवटचा पॉइंट तुम्हाला जिंकावाच लागतो, तो कुणी घड्याळ बघून तुमच्या नावावर लिहीत नाही. हरणाऱ्याला प्रत्येक गेमला आणि प्रत्येक सेटला शून्यापासून सुरुवात मिळते. ऋतुजा आणि बोपण्णाला २-६ नंतर मिळाली ती हीच. त्या चार गेमच्या तुटीचं ओझं दुसऱ्या सेटमध्ये त्यांच्या पाठीवर नव्हतं. बेरजेची पद्धत असती तर ६-३ करूनही ते मागेच राहिले असते.

तरी कुणी म्हणेल की मग हा नशिबाचाच खेळ झाला. उलट आहे, आणि हे गणिताने दाखवता येतं. संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या याकोब बर्नोलीला टेनिसच्या मोजणीचं मोठं आकर्षण होतं. त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'आर्स कॉन्जेक्टांडी' या ग्रंथाला जोडून त्याचं एका मित्राला लिहिलेलं पत्र छापलं आहे, ते याच विषयावर: दोघांतला एक थोडासा सरस असेल तर गेम आणि सेट जिंकण्याची त्याची शक्यता किती? तोच हिशोब आजच्या नियमांनी करू. समजा एक खेळाडू शंभरपैकी पंचावन्न पॉइंट जिंकतो, सर्व्हिस कुणाचीही असो. फरक दिसायला किरकोळ आहे. पण एक गेम जिंकण्याची त्याची शक्यता सुमारे ६२ टक्के होते. सेट जिंकण्याची सुमारे ८१ टक्के. तीन सेटचा सामना जिंकण्याची ९१ टक्क्यांच्या आसपास, आणि पाच सेटचा सुमारे ९५ टक्के. प्रत्येक पायरीवर छोटा फरक फुगत जातो. म्हणून मोठ्या स्पर्धेत पाच सेटच्या सामन्यांत वरच्या मानांकनाचा खेळाडू सहसा हरत नाही. या मोजणीत दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात: सरस खेळाडू बहुतेक वेळा जिंकतो, आणि तरीही मागे पडलेल्याला दार शेवटच्या पॉइंटपर्यंत उघडं असतं. दुसऱ्या कुठल्या खेळाच्या मोजणीने हे इतक्या साध्या साधनांत साधलं असेल असं मला वाटत नाही.

दोनाच्या फरकाचा नियम मात्र एकेकाळी फार महागात पडे. टायब्रेक नव्हता तेव्हा सेट संपतच नसे. त्या काळातलं एक नाव सांगतो. पुण्यात जन्मलेल्या संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव स्वतः टेनिस खेळत. त्यांची मुलगी लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनला सामना जिंकला. तिथे जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. मराठी वाचकांना हे नाव आज फारसं आठवत नाही, याची खंत वाटते. तिच्या काळात ६-६ ला थांबण्याची सोय नव्हती, कुणीतरी दोनाने पुढे जाईपर्यंत खेळत राहायचं. डेव्हिस करंडकात तर हे खूप उशिरापर्यंत चाललं. १९७४ साली कोलकात्यात भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया लढतीत पाच सामने मिळून ३२७ गेम झाले, हा विक्रम होता. त्यातला विजय आणि आनंद अमृतराजचा दुहेरीचा सामना एकटाच ९९ गेमचा: १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४. लढत भारताने ३-२ अशी जिंकली आणि त्याच वाटेने आपण त्या वर्षी अंतिम फेरीपर्यंत गेलो. तिथे वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी खेळायचं नाही असं ठरलं आणि करंडक सोडून दिला.

टायब्रेक ही अमेरिकेच्या जिमी व्हॅन ॲलनची कल्पना. १९६९ साली विम्बल्डनला पांचो गोन्झालेस आणि चार्ली पासारेल यांचा सामना ११२ गेम चालला, पहिला सेटच २२-२४. पुढच्याच वर्षी अमेरिकन ओपनने टायब्रेक आणला, १९७१ पासून विम्बल्डननेही, पण तिथे निर्णायक सेटला तो नव्हता. त्याची किंमत २०१० साली जॉन इस्नर आणि निकोला माहू यांनी मोजली. तीन दिवसांत पसरलेला ११ तास ५ मिनिटांचा सामना, पाचवा सेट ७०-६८. कोर्टावरचा विद्युत फलक ४७-४७ ला गोठला, कारण त्यापुढे मोजायची त्याची तयारीच नव्हती. आणि इथेही आपला जुना हिशोब: माहूने ५०२ पॉइंट मिळवले, इस्नरने ४७८, जिंकला इस्नर. २०२२ पासून चारही मोठ्या स्पर्धांत निर्णायक सेटला ६-६ वर दहा पॉइंटचा टायब्रेक आहे. मला हा बदल योग्य वाटतो. असा सामना जिंकणारा दुसऱ्या दिवशी उभाही राहू शकत नसेल, तर पुढच्या फेरीचा न्याय कसा व्हायचा? इस्नर पुढच्या फेरीत सरळ तीन सेटमध्ये हरलाच.

हे सगळं टीव्हीवरच्या टेनिसचं. नागपुरात रामनगरच्या कोर्टांवर मुलं खेळतात तेव्हा खुर्चीवर पंच असेलच असं नाही. पंच नसलेल्या सामन्यांसाठी आंतरराष्ट्रीय महासंघाची सूचना अशी की सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक पॉइंटआधी समोरच्याला ऐकू जाईल असा स्कोअर म्हणायचा. आणि वाद झालाच, तर दोघांना मान्य असलेले पॉइंट कायम ठेवून फक्त वादातला पॉइंट पुन्हा खेळायचा. समजा एक म्हणतो ४०-३०, दुसरा म्हणतो ३०-४०. दोघं मिळून आठवत मागे जातात आणि लक्षात येतं की मतभेद फक्त गेमच्या पहिल्या पॉइंटबद्दल आहे, बाकीचे चार दोघांनाही मान्य आहेत. ते चार दोन-दोन वाटले गेले असणार. म्हणजे स्कोअर ३०-३०, आणि एक पॉइंट पुन्हा खेळून गेम पुढे चालू. आपल्या मुलामुलीला रॅकेट घेऊन देणाऱ्या पालकांनी कोर्टाच्या कडेला बसून आकडा ओरडण्याऐवजी घरी एकदा त्यांच्याकडून हा हिशोब करून घ्यावा. चौथी-पाचवीतल्या मुलालाही तो जमतो.